रोज न चुकता

कोणाच्याही घरी गेल्या की खंडारे मॅडम आधी पाणी मागायच्या. तहान असो, नसो. "पाणी द्या जी बाई," म्हणायच्या आणि ओट्यावर, खाटेवर, जिथं जागा दिसेल तिथं टेकायच्या. मी गाडीत बसून बघत असे. सुरुवातीला मला वाटलं, या बाईला शुगर असावी. एकदा विचारलंच, तर हसल्या.

"पाणी कोनत्या भांड्यात येते, कोन आनते, हातात देते का खाली ठेवते, याच्यावरून घर समजते, शंकर. मंग बोलाले सोपं जाते."

मी शंकर. मोताळ्याला आरोग्य खात्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. बी.ए. झालोय, तेही मराठी घेऊन, आणि नोकरी लागली स्टिअरिंगवर. त्यामुळं मधेच पुस्तकी बोललो तर चालवून घ्या, तेवढाच त्या डिग्रीचा उपयोग. खंडारे मॅडमचं काम टीबीच्या पेशंटांचं. सहा महिने रोज गोळ्या, एक दिवसही खाडा नाही. महिनाभरात माणसाला बरं वाटायला लागतं आणि घोटाळा तिथंच होतो. बरं वाटलं की माणूस गोळ्या सोडतो, आणि सोडल्या की दुखणं उलटतं, पहिल्यापेक्षा वाईट होऊन. तालुक्यातल्या प्रत्येक पेशंटाच्या गोळ्या पूर्ण होतात की नाही, हे बघत फिरायचं, म्हणजे मॅडमनी बघायचं आणि मी फिरवायचं.

वरून सूचना यायच्या. वेळेवर औषध घ्या, मोबाइलला गजर लावा, अमुक करा, तमुक करा. सगळ्या राज्याला एकच सूचना. मॅडम ती वाचायच्या, घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या आणि पेशंटाच्या घरी जाऊन एक भलताच प्रश्न विचारायच्या.

"तुमच्या घरात रोज न चुकता काय होते?"

लोक आधी गोंधळायचे. हे काय विचारणं झालं? मग बोलायला लागायचे. कोणी म्हणे दिवा लागतो, कोणी म्हणे शेळ्या सुटतात. बौद्धवाड्यात एका घरी संध्याकाळी म्हातारी नातवंडांना घेऊन वंदना म्हणायची. मॅडम तेवढंच धरायच्या आणि गोळी नेऊन त्याला बांधायच्या. शेळ्या सोडायच्या आधी गोळी, वंदना झाली की गोळी. एका घरी पेशंट दारुडा. मॅडमनी प्रश्न विचारला तर त्याची बायको फणकाऱ्यानं म्हणाली, "हा पिऊन येते, तेच एक न चुकता होते!" मी गाडीत हसून हसून बेजार. मॅडम हसल्या नाहीत. "याले घरातून निघाले काय लागते?" त्यांनी विचारलं. चप्पल लागते, म्हणाली. मग गोळ्यांची पुडी चपलेच्या वर खिळ्याला टांगली, आणि डॉक्टरांना सांगून दारूसाठी त्याला वेगळा झापून घेतला.

देऊळघाटला एक खाला होती, शमीमखाला. वय झालेलं, अंगावर हाडं तेवढी उरलेली. रमजान तोंडावर आला तसं तिनं बजावलं, "बेटी, रोजा तो मैं रखूंगी. गोली का तुम देख लो." दुसरं कोणी असतं तर भाषण दिलं असतं. मॅडमनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करता. खाला म्हणाली, कबुतरांना ज्वारी टाकते, अंधार असतानाच, घुटुर्र घुटुर्र करून जीव खातात मेले. झालं. गोळ्यांचं पाकीट ज्वारीच्या डब्यात गेलं. डॉक्टरांना विचारून वेळ पहाटेच्या सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या खाण्याला, लावून घेतली. रोजाही राहिला आणि गोळीही. निघताना खालानं मॅडमचा हात धरून विचारलं, "तुम्हारे घर में कौन कौन है, बेटी?" मॅडम म्हणाल्या, "चला खाला, उशीर होऊन राह्यला." उशीर वगैरे काही नव्हता. पुढचं गाव दहा मिनिटांवर होतं.

पाण्याचंही सांगतो. सगळीकडं पाणी हातात मिळतच होतं असं नाही. एका गावात मॅडमचं आडनाव ऐकल्यावर पाणी वेगळ्या ग्लासात आलं, फळीवर बाजूला ठेवलेला असतो तसल्या. आजही येतं, कोणी कितीही नाही म्हणो. मॅडमनी पर्समधून आपला स्टीलचा ग्लास काढला, "याच्यात ओता जी," म्हणाल्या, सावकाश प्यायल्या आणि त्या घरच्या सासूला सांगितलं, "सुनेले टीबी झाला म्हून तिचं ताट वेगळं करू नोका. औषध सुरू झालं का थोड्या दिवसानं हे पसरत नाही. ताट वेगळं केलं का मानूस अर्धा तिथंच मरते." सासूनं मान हलवली. गाडीत बसल्यावर मी काहीतरी बोलणार होतो, पण मॅडमनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसल्या, म्हणून मी गाडी सुरू केली.

त्यांचं सगळंच जमायचं असंही नाही. एकदा फार मोठी चूक झाली. मोताळ्याजवळच्या एका गावात वंदना नावाची पेशंट होती, शेतकऱ्याघरची सून. त्या घरात न चुकता काय होतं, तर देवाला दिवा लागतो. मॅडमनी गोळ्या देव्हाऱ्यातच ठेवायला लावल्या. दिवा लावला की गोळी. दोन महिने घड्याळासारखं चाललं, वंदनाच्या गालावर मांस आलं. मग त्यांच्या भावकीतलं एक म्हातारं वारलं. मयतीच्या घरी कामाचं काय बोलायचं, म्हणून आम्हीही ते दिवस तिकडं गेलो नाही. तेराव्यानंतर गेलो, तर वंदना परत खोकत होती. गोळ्या देव्हाऱ्यात होत्या तशाच. वर आधी कधीतरी वाहिलेलं हळदकुंकू!

"काऊन घेतल्या नाही वो?" मॅडमचा आवाज चढला.

"सुतकात देवाले हात कसा लावू, मॅडम?" वंदना म्हणाली. तिच्या डोळ्यांत भीती होती, लबाडी नव्हती. सासूही म्हणाली, बराबर हाय, सुतकात देव्हारा बंद असते.

 त्या दिवशी मॅडमनी पाणीसुद्धा मागितलं नाही. परतताना म्हणाल्या, "आमच्या घरी सुतक पाळत नाही, शंकर. मले सुचलंच नाही. त्या पोरीचं काई झालं असतं तं?" डॉक्टरांनी वंदनाची तपासणी केली, औषध पुढं वाढवलं, ती बरी झाली. पण मॅडमचा प्रश्न तेव्हापासून बदलला. "तुमच्या घरात रोज न चुकता, तोरनाले अन् मरनाले बी, काय होते?" बहुतेक घरांत उत्तर एकच यायचं, चहा. मग गोळ्या चहापत्तीच्या डब्याशेजारी जायच्या. पोरगं जन्मलं तरी चहा होतो, म्हातारं गेलं तरी चहा होतो.

अकोल्याला एक मीटिंग झाली, तिथं नवीन पोस्टर दाखवलं. खाटेवर पेशंट, बायको गोळी देतेय, मुलगा पाण्याचा पेला घेऊन उभा, म्हातारी डोक्यावरून हात फिरवतेय, मागं तुळस. छान रंगीत होतं. मॅडम हात वर करून म्हणाल्या, "सर, याच्यात एकटं मानूस कुठी हाय?" साहेब म्हणाले, मॅडम, आपल्याकडं एकटं कोण असतं? सगळे हसले, मॅडमही हसल्या. मी मागं दाराशी चहाचा कप घेऊन उभा होतो म्हणून मला ठाऊक. परतीच्या वाटेवर खामगावला भजी खाल्ली आणि मॅडमनी उद्याच्या गावांची यादी काढली.

आता घरचं सांगावं लागेल. मॅडमचे मिस्टर एसटीत होते, फार वर्षांपूर्वी गेले. एक मुलगी पल्लवी, पुण्यात कंपनीत, तिथंच लग्न करून. मॅडम मोताळ्यात मलकापूर रोडला लागून एका खोलीत राहायच्या. दाराशी तगरीचं झाड, आत पलंग, भिंतीला बुद्धाची मूर्ती, एक गॅस. तो गॅस कधी पेटायचा देव जाणे. सकाळचा चहा ऑफिसात, दुपारचं जेवण जिथं असू तिथं, रात्री दूध-पोळी किंवा तेही नाही. तालुकाभर ओळख असलेली बाई, बाजारात निघाली तर दर दहा पावलांवर कोणीतरी थांबवायचं, आणि दारावर दिवसभरात कोणी टकटक करत नव्हतं. मला वाईट वाटायचं. आजही वाटतं.

मग मॅडमना खोकला लागला.

मी म्हटलं, "मॅडम, थुंकी तपासा." म्हणाल्या, धुळीचा आहे. परत म्हटलं. म्हणाल्या, "तू डॉक्टर झाला का बे?" गावोगाव सांगत फिरायच्या, दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की तपासा, आणि स्वतःचा खोकला पदरात दाबून धरायच्या. शेवटी एक दिवस मी गाडी दवाखान्यासमोर उभी केली आणि किल्ली खिशात टाकली. "आता तुमी तपासून या, नाहीतं मी हलत नाही." मॅडमनी शिव्या घातल्या, पण गेल्या. टीबीच निघाला. मलाही तपासायला लावलं त्यांनी, मी बरा निघालो.

रजा पडली, गोळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, चला, या बाईला तरी सांगायची गरज नाही. काही दिवसांनी बायकोनं ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी बांधून दिली, ती द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. मॅडम पलंगावर, आणखी खंगलेल्या. गोळ्यांचं पाकीट खिडकीत पडलं होतं. ते हातात घेतलं आणि माझं डोकंच सटकलं. इतक्या दिवसांत संपायला पाहिजे होत्या त्यातल्या किती तरी तशाच होत्या.

"हे काय हाय, मॅडम?"

"रात झाली का आठवते. मंग वाटते, सकाळी घेऊ. सकाळी ध्यानात राहात नाही."

"तुमी असं म्हनता? तुमी?"

त्या भिंतीकडं बघत राहिल्या. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. मी स्टूल ओढून दारातच बसलो आणि विचारलं, "बरं, सांगा मले. तुमच्या घरात रोज न चुकता काय होते? तोरनाले अन् मरनाले बी?"

 मॅडम खोलीत नजर फिरवत होत्या, खरंच शोधत होत्या. गॅसकडं बघितलं. मूर्तीकडं बघितलं. दाराबाहेर तगरीकडं बघितलं. हा प्रश्न त्यांनी किती घरांत विचारला असेल, आणि प्रत्येक घरात काहीतरी निघालंच होतं, दारुड्याच्या घरात सुद्धा.  रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"तू येत होता," त्या म्हणाल्या. "ड्यूटीवर होतो तवा. रोज सकाळी तुया हॉर्न वाजे. बाकी तं मायाघरी काई होत नाही, शंकर."

दुसऱ्या दिवसापासून मी हॉर्न वाजवायला लागलो. सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्या दारासमोर गाडी उभी करायची, दोन बारीक हॉर्न. मॅडम दार उघडायच्या, एका हातात स्टीलचा ग्लास, दुसऱ्या हातात गोळ्या. माझ्याकडं बघत गिळायच्या, पाणी प्यायच्या आणि रिकामा तळहात मला दाखवायच्या. पेशंटांना त्यांनीच शिकवलं होतं हे, गोळी गिळली की तळहात दाखवा. मी मान हलवली की दार बंद. सुट्टीच्या दिवशी सरकारी गाडी नसायची, मग मी मोटरसायकलवर जायचो. बायको म्हणायची, "रविवारी बी कोनाले हॉर्न देयाले चालले वो?" दिवाळीला गेलो तेव्हा तिनं डब्यात अनारसे घालून दिले.

एकदा साडूच्या पोरीच्या लग्नाला शेगावला जावं लागलं. सकाळी मॅडमना फोन लावला, लागेना. दिवसभर जीव टांगणीला. संध्याकाळी उतरल्या उतरल्या त्यांच्याकडं गेलो.

"घेतली का नाही?"

"घेतली न बाप्पा. रस्त्यानं एक ट्रकवाला हॉर्न देत गेला. मी म्हटलं, हाच आपला."

मी हसलो. त्याही हसल्या, आणि हसता हसता खोकल्या.

पल्लवी तेव्हा गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, सगळ्या जगाला ठाऊक. मॅडमनी तिला आजाराचं कळूच दिलं नव्हतं. खोली लहान आहे, ड्यूटी आहे, उन्हाळा आहे, एकेक कारण सांगून टाळत होत्या. शेवटी तिनं मलाच फोन केला. "शंकरकाका, आई मला का बोलवत नाही हो? माझं काही चुकलं का?" मी काहीतरी थापा मारल्या आणि तडक मॅडमकडं गेलो.

"सांगून टाका तिले."

"सांगतलं तं पोट घेऊन धावत येईन ते."

"येऊ द्या न! तुमीच सांगता लोकायले, औषध सुरू झालं का पसरत नाही, ताट वेगळं करू नोका. तुमची थुंकी तं आता साफ आली, डॉक्टर सोता म्हनले."

"लोकायले सांगतो ते खरंच हाय."

"मंग?"

"मंग काई नाही. हे मायी पोरगी हाय."

 सगळ्या तालुक्याची ताटं एकत्र करणाऱ्या बाईनं स्वतःचं ताट स्वतःच वेगळं काढून ठेवलं होतं, आणि कोणाचं ऐकायला तयार नव्हती. पल्लवीचं बाळंतपण पुण्यात सासरी झालं. मुलगा झाला. मॅडमनी ऑफिसात पेढे वाटले आणि फोनवरचा फोटो सगळ्यांना दाखवला. पल्लवीचे फोन मात्र कमी झाले.

गोळ्या पूर्ण झाल्या. शेवटची गोळी घेतली त्या सकाळी मॅडम ग्लास घेऊन गाडीपर्यंत चालत आल्या. "झालं, शंकर. आता हॉर्न नोको वाजवू," म्हणाल्या. मला वाटलं होतं, मोठं काहीतरी बोलतील, किंवा मी तरी बोलेन. मी "बरं" म्हटलं आणि गिअर टाकला.

महिनाभरात त्या पुण्याला गेल्या. आजाराचं तिकडं सांगितलं, रडारड झाली, पोरगी रागावली आणि मग गळ्यात पडली. राहा म्हणाली इथंच, परत जायचं नाही. मला बरं वाटलं, म्हटलं सुटली बाई. आठवड्यात मॅडम परत! बसस्टँडवर पिशवी घेऊन उभ्या दिसल्या तेव्हा मी विचारलं, काय झालं.

"काई नाही झालं. चांगले हायेत सारे. सकाळी दोघं कामावर जातात, लेकराले सांभाळाले बाई हाय. सारं टायमावर होते तिथं." पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "नातू मायाजवळ येत नाही रे. घेतला का रडते. त्याचा काय दोष, त्यानं मले कधी पाहिलंच नाही."

त्यानंतर वर्षभरात त्या रिटायर झाल्या. निरोपाला साडी, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. देऊळघाटची शमीमखाला नातवाला घेऊन खास आली होती. वंदना आली होती, चांगली धष्टपुष्ट. सगळ्यांनी मॅडमबरोबर फोटो काढले आणि आपापल्या घरी गेले. मग माझी बदली बुलढाण्याला झाली, मोठ्या साहेबांच्या गाडीवर. दोनेकदा मॅडमना फोन केला. "मी मजेत हावो, तू तब्येतीले सांभाळजो," एवढंच बोलणं व्हायचं. भेटायला जाऊ म्हणत राहिलो. संसारात काय होतं तुम्हाला माहीत आहे.

परवा साहेबांना घेऊन मलकापूरला निघालो होतो. सकाळची वेळ, साहेब मागं फोनवर बोलत होते. मोताळा आलं, ते वळण आलं, आणि तगरीचं झाड दिसलं. माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. दोन बारीक. खरं सांगतो, मी ठरवून काही केलं नाही.

"कोणाला हॉर्न दिला रे?" साहेबांनी विचारलं.

"कुत्रं आडवं आलं होतं, सर."

थांबायची सोय नव्हती. मी आरशात बघितलं. दार उघडलं होतं. मॅडम उंबऱ्यात उभ्या होत्या, केस पार पांढरे, आणि हातात तोच स्टीलचा ग्लास. आम्ही तोवर बरंच पुढं आलो होतो. त्यांनी गाडीकडं बघत पाणी प्यायलं, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. आणि मग दुसरा हात वर करून रिकामा तळहात मला दाखवला.

मी आरशाकडं बघून मान हलवली. त्यांना ती दिसली नसणार.